भंगारातला मुष्टियोद्धा
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आज पाठटाचणाविषयी न बोलता एका चित्रपटाविषयी बोलणार आहे. वाकोल्यास धाकट्या भावाच्या घरी, पुतण्याच्या आग्रहास्तव, मी ‘रिअल स्टील’ हा २०११ सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. यंत्रमानवांची मुष्टियुद्धे म्हणजे पोरखेळ, अशा समजुतीने बसलो. उठलो तो अंतर्मुख होऊन.

चार्ली हा एके काळचा मुष्टियोद्धा. माणसांऐवजी यंत्रे लढू लागली आणि त्याची विद्या निरुपयोगी ठरली. आई वारल्यावर अकरा वर्षांचा मॅक्स उन्हाळ्यापुरता त्याच्याकडे येतो, तोही बापाने पैसे घेतले म्हणून. मुलास भंगारात ॲटम हा जुना यंत्रमानव सापडतो. केवळ सरावात मार खाण्यासाठी बनविलेला. परंतु समोरच्या माणसाच्या हालचालींची तो हुबेहूब नक्कल करतो. अखेरच्या सामन्यात त्याची आज्ञा ऐकण्याची यंत्रणा निकामी होते. तेव्हा बाप रिंगणाबाहेर उभा राहून स्वतः ठोसे मारतो व यंत्र त्याचे अनुकरण करते. ॲटम गुणांवर हरतो. पण मुलास बाप मिळालेला असतो.

आपल्याकडील उदाहरण आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे पहिले वस्ताद त्यांचे वडील दादासाहेब. १९४८ साली लंडनला खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. तेही शिक्षकच.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी माझ्या वर्गात सायकली दुरुस्त करणाऱ्याचा एक मुलगा होता. दप्तरात तो तारा, छर्रे, मोडकी घंटी घेऊन येई. एके दिवशी ते सर्व मी खिडकीबाहेर फेकले आणि बापास बोलावून त्याच्यादेखत मुलास नालायक म्हटले. बाप मान खाली घालून ऐकत राहिला. मुलाने त्याच्याकडे पाहिले व त्यानेही मान खाली घातली. ते अनुकरण मी शिकविले होते.

म्हणून विनंती एवढीच. पालकसभेस येणाऱ्या बापास मुलाच्या उणिवा सांगण्यापूर्वी त्याच्या हातून झालेले एखादे चांगले काम दाखवा. मोलमजुरी बुडवून आलेला तो माणूस मान वर करून घरी जावा. मूल त्याच्याचकडे पाहत असते.