लेणी पाहावयास जाताना

(पुणे येथील सदाशिव पेठेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या पेठेत आपण जमलो आहो, तेथून पर्वती दूर नाही. १९२९ साली तेथील देवालयात प्रवेश मिळावा म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी सत्याग्रह केला आणि दगडांचा मार खाल्ला. त्यापूर्वी १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणूनही मार खाल्ला. वाट आणि पाणी, एवढेच त्यांचे मागणे होते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कारण मी आपणास जेथे नेऊ इच्छितो, तेथील दगडावर याच दोन गोष्टींची नोंद आहे.

मुंबईच्या उत्तरेस साष्टी नावाचे बेट आहे. पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र. पूल आणि भराव यांमुळे आज ते बेट आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच बेटावर, बोरिवलीच्या अरण्यात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. पहिल्या-दुसऱ्या शतकापासून कित्येक शतके तेथे भिक्खूंचा निवास होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंस सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्यांच्यापुढे मान आपोआप लवते.

परंतु मूर्ती पाहून परत फिरू नका. त्या बेटावर पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात कातळ कोरडा होतो. म्हणून लेण्यालेण्यापाशी खडकात टाकी खोदली आणि पाणी त्यांत यावे म्हणून पन्हळी काढल्या. अशा एका टाक्यापाशी ब्राह्मी लिपीत लेख आहे : हे टाके कल्याणच्या सामिदत्त नामक सोनाराचे दान होय. दुसरा एक लेख सांगतो की, तेथील वाट कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने दिली. व्यापाऱ्यांची आणि भिक्खुणींची दानेही तेथे नोंदलेली आहेत. ऐरणीवर घाम गाळणाऱ्या माणसाचे नाव धर्मस्थानाच्या भिंतीवर मानाने कोरले गेले, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचावयास मिळते?

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. शाळेत असताना आम्ही काही मुले एका लेण्यात गेलो आणि मी खिळ्याने भिंतीवर माझे नाव कोरले. पुढे सामिदत्ताचा लेख कळला तेव्हा मान खाली गेली. त्याचे नाव दगडावर आहे, कारण त्याने पाणी दिले. मी काय दिले होते?

१९५० साली बाबासाहेब श्रीलंकेस गेले होते. त्या बेटावर अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेथे लोक अनवाणी, फुले घेऊन जातात. कान्हेरीत ती परंपरा खंडित झाली. तेथे आता तिकीट आहे, पहारेकरी आहे. परंतु दगडाची आस्था बाळगणारे घर आपणासच व्हावे लागेल.

म्हणून जाल तेव्हा मुलांना आणि आजीलाही बरोबर न्या. सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. मूर्तीला रंग, तेल अथवा धूर लावू नका. टाक्यात काही टाकू नका. घरून निघण्यापूर्वी ब्राह्मीची चार अक्षरे शिका आणि भिंतीवर ती शोधा. ज्याला नाव कोरावेसे वाटेल, त्याने परत येऊन आपल्या वस्तीत एक नळ दुरुस्त करावा, एक वाट झाडावी.

आपल्या वडिलांना वाट आणि पाणी मागावे लागले. आपण ती देणारे होऊ या.

जय भीम.