आचरेकर सर आणि पॅड बांधून बसलेला मुलगा

आपल्या माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की ज्याच्यावर इतर सर्व विषयांचा डोळा असतो. तो म्हणजे खेळाचा तास. परीक्षा जवळ आली, अभ्यासक्रम मागे पडला, की गणिताचे नाही तर शास्त्राचे शिक्षक व्यायामशिक्षकांकडे जातात आणि ‘आजचा तेवढा तास द्या’ म्हणून गळ घालतात. आणि ते भले गृहस्थ गळ्यातल्या शिटीशी चाळा करीत बहुधा ‘घ्या’ म्हणतात. मी बेळगाव भागातील एका शाळेत गेली वीस वर्षे गणित शिकवीत आहे. असे तास मी पुष्कळ घेतले आहेत. म्हणून आज एका क्रीडाशिक्षकाचे स्मरण करण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यात थोडा प्रायश्चित्ताचाही भाग आहे, असे मला वाटले.

हे शिक्षक म्हणजे कै. रमाकांत विठ्ठल आचरेकर. २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत, वयाच्या ८६व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत सचिन तेंडुलकर होता, आणि शिवाजी पार्कवर शोकाकुल मुलांनी आपापल्या बॅटी उंचावून त्यांना निरोप दिला होता.

आचरेकर हे आडनाव मालवण तालुक्यातील आचरे गावचे. जन्म १९३२ सालचा. ते स्वतः फलंदाज होते, यष्टिरक्षण करीत, स्टेट बँकेत नोकरीला होते आणि बँकेच्या संघातून खेळत. परंतु प्रथम दर्जाचा सामना त्यांच्या वाट्याला आयुष्यात एकच आला. १९६३-६४च्या मोसमात मोइनउद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत, स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. एका सामन्यावर ज्याची खेळाडू म्हणून कारकीर्द संपते, त्याचे नाव एरवी जुन्या धावफलकांतच राहावयाचे. आचरेकरांचे तसे झाले नाही. त्यांनी शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लब उभा केला, दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या मुलांना खेळ शिकविला, आणि स्वतःला न मिळालेले सामने दुसऱ्यांच्या मुलांना मिळवून देण्यात उरलेले आयुष्य घालविले.

‘सामने मिळवून देणे’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. सरांच्या शिकवण्याचे मर्म त्यात आहे. हात कसा धरावा, पाय कोठे टाकावा, हे ते सांगतच. परंतु खेळ हा खेळूनच येतो, यावर त्यांची श्रद्धा होती. तेंडुलकर त्यांच्याकडे आला तो ११ वर्षांचा असताना. पहिल्या दिवशी सरांच्या देखत त्याला काही धड जमेना. तेव्हा थोरला भाऊ अजित याच्या विनंतीवरून सर निघून गेल्यासारखे दाखवून दूर झाडाआड उभे राहिले आणि तेथून त्यांनी मुलाचा खरा खेळ पाहिला. परीक्षकाला पाहून ज्याची लेखणी अडते असा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याच्यासाठी झाडाआड जाण्याची बुद्धी आपल्यापैकी किती जणांना होते?

पुढे त्या पहिल्याच उन्हाळ्याच्या सुटीत, ६० दिवसांत, हा मुलगा ५५ सराव सामने खेळला. एका मैदानावर बाद झाला, की सर त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथे पुन्हा फलंदाजीस उभे करीत. दिवस मावळावयास आला, अंगात त्राण उरले नाही, की सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज याला बाद करील त्याचा रुपया. कोणीच बाद केले नाही, तर रुपया फलंदाजाचा. अशी तेरा नाणी तेंडुलकरने मिळविली आणि आपल्या साऱ्या मानचिन्हांत त्यांनाच अधिक जपले. शिक्षक या नात्याने मला या गोष्टीत महत्त्वाची वाटते ती नाण्याची वेळ. सकाळी ताजेतवाने असताना तो रुपया कोणीही मिळविला असता. थकलेल्या शरीराने मन कसे जागे ठेवावे, हा त्या शेवटच्या पाव तासाचा धडा होता.

आता सरांच्या नावाबरोबर नेहमी सांगितली जाणारी ती खेळी. फेब्रुवारी १९८८. हॅरिस शील्ड ही मुंबईची आंतरशालेय स्पर्धा १८९७ पासूनची. तिच्या उपान्त्य सामन्यात आझाद मैदानावर शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्सशी पडली. १६ वर्षांचा विनोद कांबळी आणि १४ वर्षांचा तेंडुलकर यांनी तिसऱ्या जोडीसाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, आणि संघाच्या धावा दोन बाद ७४८. सर त्या वेळी मैदानावर नव्हते. डाव सोडा, असा त्यांच्या साहाय्यकांचा इशारा सीमेबाहेरून येत होता आणि मुले तिकडे पाहावयाचेच टाळीत होती! शेवटी उपाहाराच्या वेळी सरांना दूरध्वनी केला, तेव्हा डाव ताबडतोब सोडण्याची आज्ञा झाली. साडेतीनशेला एक धाव कमी होती. पण ती एक धाव मागण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. परंतु श्रोतेहो, त्या मैदानावर शारदाश्रमचा आणखी एक मुलगा होता. फलंदाजीचा पुढचा क्रमांक त्याचा. १३ वर्षांचा अमोल मुजुमदार पॅड बांधून बसला होता. आता एक गडी बाद होईल, मग आपण जाऊ, म्हणून तो बसला तो पहिला दिवस सरेपर्यंत आणि पुन्हा दुसऱ्या दिवशीही. पाळी आलीच नाही.

आणि दैवाचा खेळ असा, की पुढेही ती आली नाही. १९९३-९४च्या मोसमात रणजी पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. कारकिर्दीत प्रथम दर्जाच्या सामन्यांत ११,००० हून अधिक धावा झाल्या, ३० शतके झाली, मुंबईचे नेतृत्व झाले. परंतु भारताच्या संघात त्याला एकदाही स्थान लाभले नाही. मधल्या फळीत त्या काळी जागाच रिकामी नव्हती.

एकाच गुरूचे, एकाच मैदानावरचे हे तीन विद्यार्थी. तेंडुलकरची कीर्ती मी सांगावयास नको. कांबळीने १९९३ साली लागोपाठ दोन कसोटींत द्विशतके काढली, आणि १९९५ नंतर तो कसोटी खेळला नाही. त्या वेळी त्याला चोवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभात प्रकृतीने थकलेला कांबळी व्यासपीठावर बसला होता. तेंडुलकर स्वतः त्याच्याजवळ गेला, तेव्हा त्याने मित्राचा धरलेला हात सोडवेना. सरांच्या आठवणीखातर त्याने त्या सभेत गाणेही म्हटले. ते पाहून माझ्या मनात आले, की शिक्षकाचे श्रम सर्वांसाठी सारखेच असतात. फळ मात्र ज्याच्या त्याच्या आयुष्याच्या मातीत वेगवेगळे येते. म्हणून एकाच्या यशाने शिक्षकाला मोठे म्हणू नये आणि दुसऱ्याच्या दुःखाने त्याला उणे लेखू नये.

सरांचे सर्वच काही मला मान्य आहे, असे मात्र नाही. तेंडुलकर एकदा आपला सामना टाकून शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहावयास वानखेडे मैदानावर गेला. सरांना हे कळताच त्यांनी त्याला सणसणीत चपराक दिली आणि सुनावले, की दुसऱ्यांसाठी टाळ्या काय वाजवितोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ. बोल लाखमोलाचा, पण त्यासाठी चपराक हवी होती काय? सर कोणाची तोंडावर स्तुतीही करीत नसत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निवृत्त होताना तेंडुलकरने हसत हसत सांगितले, की २९ वर्षांत सर मला एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत. आता यापुढे सामनेच नाहीत, तेव्हा म्हणावयास हरकत नसावी. सारे मैदान हसले. मला मात्र त्या हसण्यामागे एका मुलाची २९ वर्षांची भूक दिसली. कौतुकाने मुले बिघडतात, ही त्या पिढीच्या शिक्षकांची समजूत होती. कौतुकावाचून जी सुकली, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. १९९०चा द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१०ची पद्मश्री ज्यांना लाभली, त्यांच्याविषयी असे म्हणणे हा अधिक्षेप नव्हे. मोठ्यांचे गुण घ्यावेत, तसे त्यांचे उणेही उघड्या डोळ्यांनी पाहावे.

पॅड बांधून बसलेल्या त्या मुलाची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. २०२३ साली अमोल मुजुमदार भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५च्या विश्वचषक स्पर्धेत १९ ऑक्टोबर रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर इंग्लंडशी सामना होता. त्या सामन्यासाठी वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज हिला संघाबाहेर बसविण्यात आले. भारत अवघ्या चार धावांनी हरला. पुढच्याच सामन्यात ती परत आली. आणि ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ धावा काढून तिने भारताला अंतिम सामन्यात नेले. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. बाहेर बसणे म्हणजे काय, हे ज्याने तेराव्या वर्षी जाणले होते, तो त्या दिवशी त्या मुलींचा मार्गदर्शक होता. स्वतः एकच मोठा सामना खेळलेल्या गुरूचा हा शिष्य. न मिळालेल्या पाळीचे दान दुसऱ्याच्या पदरात कसे घालावे, हे त्याने गुरूच्या शब्दांतून नसेल, पण गुरूच्या आयुष्यातून खासच पाहिले असणार, असे मला वाटते.

आता शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या क्रिकेट संघात आठवीतील एक मुलगा होता. राखीव. सबंध मोसम त्याने सामान वाहिले, पाणी नेले, धावफलक लिहिला. त्याला एकदाही खेळावयास मिळाले नाही. मी त्याचा वर्गशिक्षक. वर्षअखेर प्रगतिपुस्तके भरताना खेळाच्या रकान्यासमोर, सामने खेळलेल्यांच्या यादीत त्याचे नाव नाही म्हणून, मी ‘सहभाग नाही’ असे लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आईची सही घेऊन त्याने पुस्तक परत आणून दिले. एक अक्षर बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने संघात नाव घातले नाही, तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले, की मी काय लिहिले होते.

ते पुस्तक आता माझ्या हाती येणार नाही. परंतु त्यानंतर खेळाचा तास मी कधी मागून घेतलेला नाही. आमच्या संघाबरोबर जातो, तेव्हा सीमेबाहेर बसलेल्या मुलांजवळ बसतो. आणि आचरेकर सरांची क्षमा मागून, जो चांगला खेळतो त्याला आणि जो चांगला थांबतो त्यालाही, ‘शाबास’ असे मोठ्याने म्हणतो.

श्रोतेहो, आपल्या गावच्या शाळेतही शिटी गळ्यात घालून उन्हात उभे राहणारे एखादे सर असतील, एखाद्या बाई असतील. त्यांचा तास आपण त्यांच्याकडे राहू द्यावा. सरांचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.