दख्खनी मेंढी आणि जुळीं कोकरें

(पुणें शहरांत मेंढपाळ, सनगर व शेतकरी बंधूंच्या बैठकींत झालेलें भाषण)



मेंढरांमागें बारा महिने हिंडणाऱ्याच्या घरांत पैसा कशाचा येतो, हा आज आपला सवाल आहे. वाडवडिलांच्या वेळीं धनगरानें लोकर कातरावी, सनगरानें घोंगडें विणावें, असे दोन्ही संसार एकमेकांच्या आधारानें चालत. आज आपली जाडी काळी लोकर कातरणावळीससुद्धां पुरत नाहीं. पैसा येतो तो कोकरांचा. आणि दख्खनी मेंढी बहुधा एका वेतास एकच कोकरूं देते. तें लांडग्यानें नेलें कीं त्या मेंढीची कमाई बुडाली.

याच पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. परदेशच्या उत्तम शेळ्यामेंढ्यांचें बेणें आणून इकडे अवलाद वाढवावी, म्हणजे शेतांस खत मिळेल, असें त्यांनीं त्यांत सरकारास सुचविलें होतें. पुढें सरकारी क्षेत्रांवर मेरिनो, रॅम्बुलेट असे नर आले. पण तेथें नजर मऊ लोकरीवर होती. रोज कोसकोस चालणाऱ्या व पावसांत उघड्यावर बसणाऱ्या कळपास त्याचा काय उपयोग?

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें निराळी वाट धरली. बंगालच्या सुंदरबनांत गॅरोल नांवाची मेंढी आहे. ती अंगानें खुजी, पण एका वेतास दोन-तीन कोकरें देणारी. ‘फेकबी’ नांवाचें जनुक हें त्याचें कारण. तिच्याशीं दख्खनीचा संकर करून, अंगलोटीसाठीं कर्नाटकची बन्नूर व दुधासाठीं परदेशची आवासी यांचें रक्त घालून, संस्थेनें ‘नारी सुवर्णा’ हा वाण उभा केला. १९९८ पासून या कामास ऑस्ट्रेलियाची मदत मिळाली व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें रक्ततपासणीचें साह्य केलें.

आतां व्यवहाराची गोष्ट नीट ध्यानांत घ्या. प्रत्येक कोकरास एक जनुक आईकडून व एक बापाकडून मिळतें. ‘फेकबी’ दोन्ही बाजूंनीं आलेला नर साध्या मेंढ्यांवर सोडला, तर त्याच्या सर्व लेकींत तो गुण उतरतो. एकाच बाजूनें आलेला असेल तर सरासरीनें निम्म्यांत. पण नर सोडला त्याच वेतास जुळीं होत नाहींत. मेंढीस जुळें होणें हें मेंढीच्या रक्तावर आहे. म्हणून नराच्या लेकी विऊं लागल्या म्हणजे फळ दिसतें. तोंवर धीर धरावा. नराच्या रूपावरून हा गुण ओळखतां येत नाहीं. ‘जुळ्यांचा नर’ म्हणून बाजारांत कोणी दुप्पट दाम मागूं लागला, तर आधीं रक्ततपासणीचा कागद मागावा.

दुसरी गोष्ट, जुळीं पोटांत असतां मेंढीस शेवटच्या दीड महिन्यांत चारा व खुराक जास्त लागतो. तो न मिळाल्यास कोकरें अशक्त होतात, आईस दूध पुरत नाहीं आणि दुबळें कोकरूं बाटलीनें पाजण्याचें काम आपल्या मायबहिणींच्याच गळ्यांत पडतें. चारणीचीं रानें बंद आणि जुळ्यांची हाव, हें जमणार नाहीं. म्हणून सारा कळप एकदम बदलूं नये. वीस-पंचवीस मेंढ्यांवर प्रयोग करावा, कोणत्या मेंढीस किती झालीं व किती जगलीं हें मुलांकडून वहींत लिहवून घ्यावें, आणि मग ठरवावें.

मांसासाठीं केसाळ जातीच्या मेंढ्या सर्वत्र भराव्या असेंही कोणी म्हणतात. कातरणीची कटकट जाईल हें खरें. पण सनगराचा माग कायमचा बंद पडेल. धनगराचें भलें करितांना सनगराचा विचार सोडणें आपल्या चळवळीस शोभणारें नाहीं. घोंगड्यास गिऱ्हाईक मिळवून देणें हेंही याच कामाचें अंग आहे.

आपली मागणी दोन शब्दांची आहे. गोखलेनगरच्या मेंढी व शेळी विकास महामंडळानें तपासलेले नर गरीब कळपवाल्यांस परवडेल अशा दरानें द्यावे. आणि वनखात्यानें चराईच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या. ती एकट्यानें केली तर कोणी ऐकणार नाहीं. वाड्यावाड्यांनीं मिळून, अर्ज लिहून, पोंच घेऊन मागूं या.