कामाची पद्धत : अनुभवातून निवड



कामाची कोणती पद्धत आपल्याला मानवेल, हे केवळ विचार करून कळत नाही. ती अनुभवावी लागते. शांघाय येथील सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीने २०१० च्या अखेरीस सुरू केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. घरून काम करण्याची इच्छा दर्शविणाऱ्या कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने, आठवड्यातील चार दिवस, तशी मुभा देण्यात आली. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी उंचावली. पुढे पुन्हा निवडीची संधी मिळताच निम्म्याहून अधिक जणांनी आपली आधीची पसंती बदलली. घरचा एकटेपणा अनेकांना जाचला होता. ज्याला जे मानवले ते त्याने स्वीकारल्यावर हा लाभ २२ टक्क्यांपर्यंत पोहोचला.

आपल्याकडील रोजंदारीच्या मजुराला मात्र असा प्रयोग परवडत नाही. एक दिवस काम सोडले, तर त्या दिवशीच्या चुलीचा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेची खरी कसोटी हीच, की चुकलेली निवड सुधारण्याइतका आधार ती श्रमिकाला देते काय? परतीची वाट खुली असेल, तरच माणूस नवी वाट चोखाळतो.