तलावाकाठची वारी

मला भाषण येत नाही, चिटणीसांचा आग्रह म्हणून उभी आहे.

आमची मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन ९०० ग्रॅम. नऊ दिवस काचेच्या पेटीत नुसती पाहिली, कुशीत काही घेऊ दिली नाही. अशा बाळांना जन्मताच आईच्या छातीशी ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. असो.

यंदा तिच्या नावाने आळंदी ते पंढरपूरचे सुमारे २५० किलोमीटर भोपाळच्या मोठ्या तलावाकाठीच चालले. रोज पाच. घरी येऊन नकाशावर खूण करायची.

दिवे घाटाच्या दिवशी हे म्हणाले, "थांब, मीही येतो." इतकी वर्षे आमच्यात तिचा विषय निघाला नव्हता. वाखरीपर्यंत आम्ही बोलतच होतो.