डाव्या पायाची तालीम

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांना तालीम मंडळ म्हणतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. बाहेरगावच्या पाहुण्याला याचं नवल वाटतं. तालीम म्हणजे कुस्तीची जागा, तिथं फुटबॉल कुठून आला? पण हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ आहे शिकवणं. वस्ताद हा शब्दही फारसीतल्या उस्तादचंच मराठी रूप. घरात दखनी बोलणाऱ्या आणि कविता मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे दोन्ही शब्द आपल्याच उंबऱ्यावरचे वाटतात.

दोन वर्षांपूर्वी धाकटी बहीण म्हणाली, "भाईजान, याला फुटबॉलची शिकवणी लावूया का?" भाचा तेव्हा तेरा वर्षांचा होता. मला हसू आलं. गणिताची शिकवणी ठाऊक होती, पण चेंडू लाथाडायला कशाला हवेत सर? 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला. तेव्हापासून इथल्या पुष्कळ घरांत हे स्वप्न शिरलं आहे, एवढंच मी जाणून होतो.

मग एकदा भाच्याचा सराव बघायला गेलो. चाळीस मुलं, एक प्रशिक्षक. पाळी आली की दोन लाथा आणि पुन्हा रांगेत. भाचा प्रत्येक चेंडू उजव्या पायावर ओढून घेत होता. समोरच्या पोरांना ते माहीत होतं. ती नेमकी त्याच बाजूला उभी राहायची. चाळिसांच्या गर्दीत हे सांगणार कोण?

शिकवणीसाठी एक तरुण प्रशिक्षक मिळाला, पेठेच्या संघातून खेळलेला. पहिल्या दिवशी त्यानं काहीच शिकवलं नाही, नुसतं बघितलं. मग भिंतीसमोर उभं करून म्हणाला, "आता उजवा पाय नाही म्हणजे नाही." भिंतीवरून परत येणारा चेंडू डाव्या पायानं अडवायचा, डाव्यानंच मारायचा. काही दिवसांनी तो भाच्याच्या पाठीमागे उभा राहून बोटं वर करायला लागला. चेंडू पायात येण्याआधी मान वळवून किती बोटं ते सांगायचं. चांगला खेळाडू चेंडू मिळण्याआधीच आजूबाजूला बघून ठेवतो, ती ही सवय.

या पद्धतीमागे मोठी माणसं आहेत. हॉलंडच्या व्हील कुर्व्हर यांनी 1974 मध्ये फेयेनूर्ड संघाला यूएफा चषक जिंकून दिला. थोर खेळाडूंच्या हालचाली सुट्या करून त्या पायरीपायरीनं मुलांना शिकवता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मला आमची इस्लाह आठवली. शागिर्दाच्या गझलेत उस्ताद एखादाच शब्द बदलतो, शेर मात्र शागिर्दाचाच राहतो.

तीन महिन्यांत डावा पाय बोलू लागला आणि मला हाव सुटली. आठवड्याचे दोन दिवस होते, ते मी पाच केले. शिवाय मंडळाचा सराव होताच. एके संध्याकाळी तो जिना चढताना कठड्याला धरून थांबला. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं होतं. कितीतरी दिवस दुखत होतं, पण मामूचे पैसे वाया जातील म्हणून पोरानं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लाटर असं नाव सांगितलं. झपाट्यानं उंची वाढण्याच्या वयात मुलं फार पळली-उड्या मारली की स्नायूबंध हाडाला जिथं जोडलेला असतो तिथं ताण येतो. उपाय म्हणजे खेळ कमी करणं आणि धीर धरणं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रशिक्षकाला सांगायला गेलो, तर तोही खाली मान घालून म्हणाला, "चुकलं चाचा. मी विचारायला पाहिजे होतं. आणि दुसरं बी एक हाय. सामन्यात हा आता पास देत न्हाई. एकटाच घेऊन पळतोय, म्हणून पोरं बी त्याला देईनात. बरा झाला की आठवड्यातनं एकच दिवस पाठवा. आणि संघातली दोन पोरं सोबत आणा. पास द्यायला समोर कोणतरी लागतंय की!"

स्वतःची चार दिवसांची फी सोडून हे सांगणारा माणूस मला खरा वस्ताद वाटला. त्या दोन मुलांच्या घरी फीचे पैसे नव्हते. पाच दिवसांसाठी मी जे देत होतो, त्यात तिघांचं भागलं.

पालकांना एवढंच सांगतो. शिकवणी जरूर लावा, पण प्रशिक्षकाकडे परवाना आहे का ते विचारा. सराव उघड्या मैदानावर, चारचौघांच्या नजरेसमोर असू द्या. सध्या नेमका कोणता दोष दुरुस्त करताय, तेही विचारा. आणि मुलाला रोज विचारा, कुठं दुखत तर नाही ना?

गेल्या महिन्यात भाच्याचा संघ हरला. घरी येताना तो गप्प असेल असं मला वाटलं. पण गाडीवर मागून माझा खांदा हलवत म्हणाला, "मामू, त्यानं गोल हुकवला, पण मी डाव्यानं दिलेला पास बघितला का?"

बघितला होता, बेटा.