जाळी काढू नका

आज मला बोलायचं आहे मोटारीच्या पोटाखालून, इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीबद्दल. त्यातही माझं बोलणं आहे ते मुख्यतः त्या मुलामुलींशी, जी मोबाइलवर व्हिडिओ पाहून, बाजारातून पार्ट मागवून, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवतात आणि ही नळी स्वतःच्या हातांनी बदलतात. मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे पाना हातात घेणारं पोर दिसलं की मला बरं वाटतं. तेव्हा 'हात लावू नका' असं मी सांगणार नाही. सांगणार आहे एकच गोष्ट, आणि कोणी मधूनच रेडिओ लावला तर त्यांच्याही कानावर पडावी म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगेन. सायलेन्सर हवा तर बदला, कॅट काढू नका.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजमधला कॅटकॉन.

आपल्याकडे या विषयात सगळ्यांचं लक्ष आवाजावर असतं. पोलीस फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात, त्यावरून रोडरोलर फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. योग्यच आहे ते. दवाखान्यासमोरून रात्री असा दणदणाट करत जाणाऱ्याला दया दाखवायचं कारण नाही. पण आवाज कानाला कळतो, म्हणून त्याची तक्रार होते. कॅट काढून टाकलेली आणि मागे चांगला मफलर लावलेली मोटार तुमच्या शेजारून शांतपणे निघून जाते. नाक्यावर तिला कोणी अडवत नाही. तिच्या नळीतून काळा धूरही दिसत नाही. आणि तीच गाडी, तेवढंच पेट्रोल जाळून, तिच्यासारख्याच दुसऱ्या गाडीच्या कितीतरी पट विष हवेत सोडत असते. हे कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून मला सांगावंसं वाटतं.

कॅटच्या आत चिनीमातीचा एक ठोकळा असतो. त्यात हजारो बारीक चौकोनी भोकं आरपार गेलेली असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की तो कामाला लागतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, तिघांचीही तो वाट लावतो. बाहेर पडतात कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि नायट्रोजन. यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट जोराने चिकटतो. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. दम्याच्या मुलाच्या आईला विचारा, ते काय असतं.

हा ठोकळा जगावा म्हणून देशाने काय केलं, तेही जरा आठवा. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा त्यांच्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं त्या धातूंवर लेप देतं आणि कॅट निकामी होतो. २००० साली सगळ्या देशातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं. मग गंधक. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या इंधनात दशलक्ष भागांत ५० भाग गंधक चालत होतं, १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि ते १० भागांवर उतरलं. त्यासाठी रिफायनऱ्यांना नवी यंत्रं बसवावी लागली. पंचवीस वर्षं एवढा खटाटोप झाला, आणि आपल्या गल्लीतला हुशार मुलगा ग्राइंडर घेऊन अर्ध्या तासात ती वस्तू कापून टाकतो. मला राग येतो तो इथे.

का काढतो तो? पिकअपसाठी. म्हणे इंजिनाला श्वास घेता येत नाही.

आता घरातली भांडी घासायची मोरी डोळ्यांसमोर आणा. तिच्या तोंडाशी जाळी असते. भाताची शितं, चहाचा चोथा, भाजीची देठं त्या जाळीवर अडकतात. एखाद्या दिवशी पाणी तुंबतं. घाईतला माणूस जाळी उचलतो आणि कोपऱ्यात ठेवून देतो. पाणी झरझर उतरतं. त्याला वाटतं, काम झालं. त्याच्या मोरीपुरतं झालंही. पण चोथा गेला खालच्या बिऱ्हाडाच्या पाइपात, तिथून सगळ्यांच्या सामायिक गटारात. शिवाय मुळात एवढा चोथा मोरीत येतो कुठून, हे त्याने पाहिलंच नाही. घरात कोणीतरी भांडी न झटकता तशीच मोरीत टाकतं आहे, ते चालूच राहिलं.

गाडीत नेमकं हेच होतं. कॅट आपणहून चोंदत नाही. प्लग किंवा कॉइल खराब झाली, गाडी मिस मारायला लागली, की न जळलेलं पेट्रोल कॅटपर्यंत पोचतं आणि तिथे पेटतं. त्या उष्णतेने आतला ठोकळा वितळतो. इंजिन ऑइल खात असेल तर त्याची राख भोकांवर बसते. म्हणजे चोथा टाकणारा हात वर, इंजिनात आहे. प्लग बदला, कॉइल तपासा, ऑइल का कमी होतंय ते शोधा. मग जाळी खरोखरच गेली असेल तर नवी जाळी लावा, तुमच्याच मॉडेलची, कंपनीच्या पार्ट नंबरची. बाजारात स्वस्तात मिळणारा, कोणत्या गाडीचा ते न सांगणारा कॅट म्हणजे मोठ्या भोकांची जाळी. त्यात धातू किती आहे, तुम्हाला बाहेरून कळणार नाही.

आणि जाळी धड असेल, पाणी नीट उतरत असेल, तर ती काढून मिळतं काय? साध्या, टर्बो नसलेल्या छोट्या गाडीत जवळजवळ काहीच नाही. आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की पायाला वाटतं पिकअप वाढला. टर्बो गाडीत डाउनपाइप बदलून, वर रिमॅप करून ताकद वाढते, हे मी नाकारत नाही. पण ती वाढ सामायिक गटारात चोथा सोडून मिळालेली असते. पुन्हा सांगतो, सायलेन्सर बदला, कॅट काढू नका.

काढल्यावर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. का लागतो, ते समजून घ्या. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर दुसरा. पहिल्याच्या सांगण्यावरून गाडीचा संगणक १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण सांभाळतो. दुसरा सेन्सर कॅट काम करतोय का, ते पाहतो. दिवा लागला की मुलं दुसऱ्या सेन्सरला स्पेसर लावून त्याला धुरापासून लांब करतात. दिवा विझतो. नळीतून जे बाहेर पडतं, ते तेच राहतं.

पहिल्या सेन्सरचं तर विशेष ऐका, कारण घरी काम करणाऱ्यांची खरी फसगत तिथे होते. मेनिफोल्डच्या जोडावर जुनंच गॅस्केट पुन्हा लावलं, नट नीट आवळले नाहीत, बारीक फट राहिली. धूर धक्क्याधक्क्याने जात असतो, दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. संगणक पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज घसरतं, आणि 'गाडीला सवय होईपर्यंत असं होणार' म्हणून मुलगा गप्प बसतो. म्हणून गॅस्केट दर वेळी नवं. सेन्सरच्या आधीच्या जोडावर साधं सिलिकॉन सीलंट फासू नका, त्याची वाफ सेन्सर मारते. आणि फट पायाखालच्या भागात असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नाही. काच बंद, एसी चालू, मागे झोपलेलं मूल, एवढं डोळ्यांसमोर आणा.

तुम्ही म्हणाल, पण माझ्या गाडीला पीयूसी मिळते. मिळेलही. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. गाडी उभी, गिअर नाही, चढ नाही, पाच माणसांचं वजन नाही. ते ऑक्साइड तयार होतात इंजिनावर भार आल्यावर, म्हणजे खंबाटकी घाटाच्या चढावर, पीयूसीच्या टपरीसमोर नव्हे. दुपारी भांडी नसताना येऊन मोरी पाहिली तर ती स्वच्छच दिसणार. पीयूसी हवीच, मुदतीत काढा, पण तिच्या कागदाकडे बोट दाखवून कॅट नसल्याचं समर्थन करू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे लक्षात घ्या. कॅट काढणं वेगळं, मूळ तपशिलाबाहेरचा सायलेन्सर लावणं वेगळं. कलम १९० हवा आणि आवाज दोन्हींसाठी आहे. तिथे १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि ३ महिने लायसन्स जाऊ शकतं. तुमच्या मॉडेलला मंजुरी मिळते ती आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत, एक्झॉस्टसकट तपासून. नळी कापलीत की मंजूर झालेली ती गाडी उरत नाही. विमा कंपनीला अपघातानंतर हे दिसलं तर ती काय म्हणेल, त्यावर वेगळं बोलता येईल, आज नको.

मग घरी काय करावं? पुष्कळ आहे. हँगरचे रबर तुटतात, ते बदला. खालून खडखड येत असेल तर बहुतेक वेळा हीट शील्डचा पत्रा सुटलेला असतो, क्लॅम्प लावा. मागचा मफलर गंजून भोक पडलं असेल तर तोच, मूळ तपशिलाचा आणा आणि खुशाल बसवा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडा, पाना सरकणार नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. सपाट जागा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळा. नळी गार होऊ द्या. आणि काम झाल्यावर बंद गॅरेजात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून गळती शोधत बसू नका, गाडी उघड्यावर आणा.

अजून एक. काही ठिकाणी कॅट काढायचे पैसे घेत नाहीत, वर थोडे हातावर ठेवतात. विचार करा का ते. आत प्लॅटिनम आहे, ऱ्होडियम आहे. फायदा दुकानदाराचा होतो आणि चोथा तुमच्या गल्लीत.

समोरून खूण झाली, मिनिटभर राहिलं. डिझेलवाल्यांचं राहूनच गेलं. तुमची जाळी म्हणजे डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ती रोजच्या छोट्या फेऱ्यांनी भरते, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. दिवा लागला की लोक गॅरेजात जाऊन ती पोकळ करून घेतात. तसं करण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा, बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं की मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाने काही वेळ सलग चालवा, संगणक आतली काजळी स्वतः जाळून टाकतो. मात्र तो दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत दुसराही लागला असेल, तर मग गाडी... नाही, वेळ झाली. कॅट काढू नका, डीपीएफही काढू नका.